शेवटच्या सायकलीची घंटी

टेकवा रे मित्रांनो सायकली झाडाला, आणि बसा. एक गोष्ट सांगते. हसायची नाही, पण ऐका.

मी एक जुनी घंटी. आमच्या सायकलवाल्यांच्या गटात नवे-जुने सगळेच. दर रविवारी सराव. पुढं मास्तर, आणि सगळ्यात मागं, माझ्या सायकलवर, शिंपीमामा. जो शेवटी असेल त्याच्याही मागं राहायचं, हे मामांचं काम. कुणी रखडलं की मला दोनदा वाजवायचं. अख्खी रांग थांबायची. पुढच्यांनी वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं, मग पाच जण एकमेकांवर! मास्तर म्हणायचे, "हिच्यावर डोळे मिटून भरवसा." मी फुगायची.

पण सायकल गटाची. सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. जो तो आपल्या चेनला तेल पाजायचा. मामांना वाटायचं मास्तर बघतात, मास्तरांना वाटायचं मामा. माझी स्प्रिंग आत गंजत गेली.

दवाखान्यातली नर्सबाई पन्नाशीत सायकल शिकली. दोनदा मागं राहिली होती. त्या रविवारी म्हणाली, "मामा, आज मागं पडले तर सायकल विकणार हां."

"मी शेपूट आहे ना! शेपूट म्हशीला सोडून जातं का?"

"म्हैस कुणाला म्हणता हो?"

हसत निघालो. चढावर तिची चेन उतरली. मामांनी मला दाबलं. खट्. परत दाबलं. खट्.

"अगं बोल की बये!"

बोलायचंच होतं हो मला! मामा ओरडले, पण वारा समोरून. आवाज मागंच उडाला. रांग वळणाआड गेली. तिला सोडून मामांनी पुढं जायचं तरी कसं?

काळ्या हातांनी त्यांनी चेन बसवली. "चला, गाठू."

"नको मामा. एकानंही वळून बघितलं नाही."

"अहो, तसा नियमच आहे..."

पण ती सायकल हातात धरून माघारी चालू लागली. मामाही सायकल ढकलत तिच्या मागं मागं, पार तिच्या दारापर्यंत. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग मला तेल मिळालं. आता खणखणीत वाजते मी. काय उपयोग?

मित्रांनो, एवढं करा. आपल्या घंटीला थेंबभर तेल घाला. आणि रस्त्यात कुणी बाई सायकल हातात धरून एकटी चालताना दिसली, तर माझ्यासाठी दोनदा वाजवा, आणि थांबा.