पेनमधली स्प्रिंग

साहेब, त्या बाईला तुमच्या खात्याने मारलं. माझ्या दादाने नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तुम्ही अर्जाची दुसरी ओळ वाचत नाही हे आता मला कळून चुकलंय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकोणीस वर्षं तुमच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. मी गाड्यांचं वायरिंग करतो, शिक्षण सातवी. शुद्धलेखन चुकलं तर खुशाल हसा. मजकूर चुकला तर दाखवून द्या.

टँकरच्या मूळ स्टीअरिंगला तडा गेला तेव्हा खात्याने बाजारातलं स्वस्त, लहान स्टीअरिंग आणून बसवलं. हॉर्नचं असं असतं, की स्टीअरिंगच्या पाठीला पितळेची कडी असते आणि खालून एक स्प्रिंगवाला खिळा तिला टेकलेला असतो. चाक कितीही फिरवा, टेकणं सुटत नाही. नव्या स्टीअरिंगची कडी बोटभर वर राहिली. खिळा पोचेना. तुमच्या फोरमनने वायर ओढूनताणून पाहिली, तर ती पत्र्याला लागून हॉर्न जो बोंबलत सुटला तो थांबेना. मग त्याने वायरच तोडली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि वरून कव्हर लावलं. झालं काम.

दादाने तक्रारवहीत तीनदा लिहिलं. फोरमन म्हणाला, "देवानं तोंड दिलंय ना? ओरड की!"

तर दोन महिने दादा खिडकीतून मुंडकं बाहेर काढून ओरडत टँकर चालवत होता. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसायचं, की घरी येतो तो घसा बसलेला. वहिनी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची. एकदा जेवताना मी म्हटलं, "काय रे दादा, निवडणुकीला उभा राहतोयस का?"

"राहिलो तर मत देशील?"

"वहिनीचं मिळतंय का ते बघ आधी."

"माझं मत मी गुपित ठेवणार बाई," वहिनी म्हणाली. हसलो सगळे. मी वायरमन, समोर बसलेला, आणि दादाने मला सांगितलं नाही. कारण तुमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर पाटी आहे: खात्याच्या गाडीला बाहेरच्या माणसाचा हात लागल्यास चालक बडतर्फ. दादा पाट्या पाळणारा माणूस.

त्या सकाळी वळणावर शिवणकाम करणारी एक बाई कापडाचं गाठोडं घेऊन पाठमोरी चालली होती. शेजारी रस्ता फोडायचं मशीन धडधडत होतं. दादा ओरडला. त्या मशीनपुढे माणसाचा आवाज तो काय! ब्रेक दाबला, पण भरलेला टँकर जागच्या जागी थांबत नाही.

दादाला कोठडीत घातलं. मला भेटू दिलं नाही. दुपारी तुमच्या फोरमनचा फोन आला, "संध्याकाळी तपासणी अधिकारी येतायत आणि टँकरची बॅटरी बसलीय. ये जरा. हॉर्नही बघून घे. तुझ्या भावाच्याच भल्याचं आहे."

मी धावत वर्कशॉपमध्ये गेलो. कव्हर उघडलं, टेप दिसली. मला वाटलं, हॉर्न नसलेली गाडी चालवली म्हणून दादालाच धरतील. टेप सोलली, वायर जोडून सोल्डर केली. खिळा पोचत नव्हता म्हणून खिशातल्या निळ्या बॉलपेनची स्प्रिंग काढून त्याच्याखाली घातली. बटण दाबलं. खणखणीत वाजला. साहेब, सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. काम जमलं की होतो तसा.

अधिकाऱ्यांनी दोनदा दाबून पाहिलं आणि लिहिलं: हॉर्न सुस्थितीत. चालकाने वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी दादाची भेट झाली. गजांपलीकडून, बसलेल्या आवाजात म्हणाला, "एक बरंय. वायर तुटलेली आहे, टेप लावलेली आहे. तपासणीवाले ते बघतीलच."

मी मान खाली घातली.

"काय झालं रे?"

"दादा, मी ती जोडली."

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "तू जोडलीस म्हणजे नीटच जोडली असशील."

शिवी दिली असती तरी चाललं असतं.

मी तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, तक्रारवही पाण्याने भिजून गेली. मी म्हटलं, स्टीअरिंग खोला, आत माझ्या पेनची स्प्रिंग आहे. गाडी बनवणारा कुठला कारखाना हॉर्नला पेनची स्प्रिंग लावतो? तुम्ही म्हणालात, तपासणी एकदाच होते, आणि जास्त बोललास तर पुराव्यात हात घातला म्हणून तुलाही आत टाकू. परवा टँकर रस्त्यावर दिसला. स्टीअरिंग मूळ बनावटीचं, नवंकोरं. म्हणजे माझी स्प्रिंगही गेली.

वहिनी अजून संध्याकाळी पाणी कोमट करते, मीठ टाकते, मग भान आलं की मोरीत ओतून देते. त्या बाईचा नवरा माझ्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. "हॉर्न होता, तर वाजवला का नाही तुझ्या भावानं?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "कागदावर तसं नाही," आणि निघून गेला. त्याचं काय चुकलं?

आता एकच विचारतो. ती पाटी अजून भिंतीवर आहे. तुमच्याकडे दोन पगारी वायरमन आहेत. त्या दुपारी दोघेही हजर होते, मी टेप सोलत होतो तेव्हा दाराशी चहा पीत मला बघत होते. मग बाहेरच्या माणसाला, त्यातही ड्रायव्हरच्या सख्ख्या भावाला, कोणाच्या सांगण्यावरून बोलावलं? 

दादाने तुम्हाला तीनदा लिहून दिलं होतं. तुम्ही मला एवढं उत्तर एकदा लिहून द्या.