खालच्या चार ओळी

"शांतताच पाह्यची असन तर लोधीखेड्याले आत्याकडे जाऊ. तिथं कुत्रंही इचार करून भुंकते."

गजानन हे पुटपुटला, पण चौदाव्या वर्षी त्याचा आवाज नुकताच फुटला होता आणि पुटपुटणं त्याला अजून जमत नव्हतं. हातभर अंतरावर तुरीची डाळ निवडत बसलेल्या गुणवंतानं, म्हणजे त्याच्या आईनं, ते ऐकलं आणि डाळीतला खडा जरा जोरातच अंगणात भिरकावला.

पोरापुढे तीन रंगीत पुस्तिका पसरल्या होत्या. त्याच्या काकानं, डॉक्टर दत्तात्रयानं, विलायतेहून पाठवलेल्या. दत्तात्रयाला तिकडे जाऊन आठ वर्षं झाली होती. पुढच्या जुलैत तुम्ही सगळे या, तिकिटांचं मी पाहतो, महिनाभर समुद्रकाठी घर घेऊ, असं त्यानं लिहिलं होतं. तीन गावं त्यानं काढून ठेवली होती. त्यातलं एक गजानन आणि त्याची थोरली बहीण उषा यांनी निवडायचं. अट एकच, गाव शांत हवं. आईला गर्दी सोसत नाही.

अडचण अशी होती, की आईला सोसण्या-न सोसण्याचं काही उरलंच नव्हतं. दत्तात्रयाची आई, म्हणजे पोरांची आजी केसरबाई, मागच्या फाल्गुनात, छप्पन सालच्या मार्चात, सौंसरच्या याच घरात वारल्या होत्या. विलायतेत हे कोणी कळवलं नव्हतं.

कळवायचं नाही असं कोणी ठरवलंही नव्हतं. तेव्हा दत्तात्रयाची मोठी परीक्षा महिन्यावर आली होती. त्याचे थोरले भाऊ, गुणवंताचे यजमान पुंडलिकराव, म्हणाले, परीक्षा होऊ दे. परीक्षेत तो नापास झाला. मग म्हणाले, आधीच खचला आहे, पुन्हा बसणार आहे, आता कसं लिहावं. ऑक्टोबरात तो पास झाला, तेव्हा इतक्या आनंदाच्या पत्राला हे उत्तर कसं धाडावं, असं झालं. पुंडलिकराव तहसील कचेरीत आवक-जावक कारकून. तालुक्यातला प्रत्येक सरकारी कागद त्यांच्या हातून जावक होई. हा एक होईना.

पत्रं मात्र जात होती. या घरच्या पत्राची एक रीत होती. वरचा भाग पुंडलिकरावांचा, मधे वहिनीचा नमस्कार, आणि खालच्या चार ओळी आजीच्या. केसरबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत आणि उषा लिही, कारण घरात अक्षर तिचंच चांगलं. आजी गेली म्हणून ओळी थांबल्या असत्या तर दत्तूनं एका पत्रात ओळखलं असतं. तेव्हा वर्षभर त्या चार ओळी सोळा वर्षांची उषा मनानंच लिहीत आली होती. 'दत्तू, गरम कपडा घालत जाय. संत्र्याले यंदा बहार चांगला आहे. तुझ्या हाताखालच्या पोरायवर चिडत नको जाऊ.' इतकं हुबेहूब, की एकदा पुंडलिकराव वाचता वाचता हसले, आणि मग उठून विहिरीवर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

आजीच्या शेवटच्या तीन दिवसांबद्दल तर घरात कोणी बोलतच नसे. बोलणं त्या वळणाला लागलं, की गुणवंता चुलीकडे जाई.

आणि आता हा समुद्र. पहिल्या पुस्तिकेतल्या गावात पाण्यात लांबवर गेलेला लाकडी पूल होता. त्याच्यावर बँड वाजे, पाळणे फिरत. गजाननाचा जीव त्यात अडकला होता. दुसऱ्या गावात चढाच्या दगडी गल्ल्या आणि टोकाला दीपस्तंभ. ते उषाला आवडलं होतं. तिसरं वेल्समधलं, कोळ्यांची वीस-पंचवीस घरं, मागं हिरवा डोंगर, पुढं सपाट वाळू आणि पाण्याकडे तोंड करून एक बाक. दत्तात्रयानं प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं. पहिल्यावर, 'गोंगाट. आईला नको.' दुसऱ्यावर, 'पायऱ्या. आईचे गुडघे.' तिसऱ्यावर, 'बाक उन्हात आहे, पण मी छत्री धरीन. आई बसून पाणी पाहील.'

म्हणजे निवड होऊनच आलेली होती. तरी घरात पाच महिने यावर वाद चालला होता, आणि गुणवंताला त्याचा वीट आला होता. घरातल्या एकानंही समुद्र पाहिला नव्हता. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे जाम नदीचा पूर. तेवढ्यावर हे लोक विलायतेतल्या वाळूची प्रत ठरवत होते. शेजारणी विचारून जात, कधी निघून राहिले तुम्ही? जात्या-येत्याला उत्तर देऊन तिचं तोंड दुखलं होतं.

"बँडवाल्या गावीच जाऊ ना," गजानन आता उघड म्हणाला. "शांत गाव त आजीसाठी होतं. आता आजी त..."

तो तिथंच थांबला. रोज तिथंच थांबे. वाक्य पुरं केलं असतं तर तो वादात जिंकलाच असता, हे त्यालाही ठाऊक होतं.

पुंडलिकरावांचा सगळा भरवसा फायलीवर होता. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर वरून परवानगी हवी. अर्ज सप्टेंबरात नागपूरला गेला. नोव्हेंबरात राज्यांची फेरवाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं, आणि राजधानी गेली भोपाळला. नागपूरनं लिहिलं, तुम्ही आता आमचे नाही. भोपाळनं लिहिलं, तुमचं सेवापुस्तक नागपूरहून आलं नाही, तर तुम्ही आमचे हे कशावरून. दुसरा कोणी असता तर डोकं आपटून घेतलं असतं. पुंडलिकराव प्रत्येक नव्या शेऱ्याच्या दिवशी जेवताना एक भाकर जास्त खात. परवानगीच आली नाही तर जाणं नाही, जाणं नाही तर सांगणं नाही. गुणवंताला हे दिसत होतं. फाईल नागपूर-भोपाळ करून राहिली आणि तुम्ही जागेवर, असं ती एकदा म्हणालीही. त्यांनी लोणचं मागितलं.

दुसरा आधार होता तो वर्षाचा. वर्ष उलटल्यावर मरणाची बातमी कळली तर सुतक लागत नाही, नुसती आंघोळ करायची, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणजे फाल्गुन गेला की कळवावं. दत्तू तिथं एकटा, त्यानं दहा दिवस कुठं पाळावे? आंघोळ केली की मोकळा. हे त्यांनी इतक्या वेळा घोळवलं, की ते भावाच्या सोयीसाठीच थांबले आहेत असं त्यांना वाटू लागलं. मागच्या आठवड्यात वर्षश्राद्धाचं बोलायला भैय्याजी गुरुजी आले, तेव्हा पुंडलिकरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

भैय्याजी सुपारी कातरत म्हणाले, "भावकीतलं सुतक वर्षानं फिटते, पुंडलिकराव. मायचं नाही. पोरानं ज्या दिवशी ऐकलं, त्या दिवसापासून दहा दिवस. मंग वीस वर्षांनी का ऐकेना."

त्या दिवशी पुंडलिकरावांनी अर्धीच भाकर खाल्ली.

आज शनिवार, कचेरी अर्धा दिवस. ते घरी येऊन जेमतेम टोपी काढत होते, तोच मागोमाग कचेरीतला शिपाई चिंधू हातात लांब लिफाफा घेऊन दारात उभा राहिला. दुपारच्या डाकेत आलं होतं, सोमवारपर्यंत त्याला धीर नव्हता.

"पेढे काढा, बाई," तो म्हणाला. "बाबूजी विलायतेले चालले."

भोपाळनं परवानगी दिली होती. पुंडलिकरावांनी कागद दोनदा वाचला. मग उलटवून पाहिला, मागं एखादा शेरा असेल म्हणून. मागं कोरं होतं. गजाननानं टाळी वाजवली आणि कोणीच हसत नाही हे पाहून हात खाली घेतले. गुणवंतानं चिंधूला पेढ्यांऐवजी चार संत्री दिली. तो बराच वेळ विलायतेच्या थंडीबद्दल बोलला आणि गेला.

पुंडलिकराव खाटेवर बसले. त्यांनी उषाला हवाई पत्र आणायला सांगितलं. ती दौत, टाक घेऊन जमिनीवर बसली. ते सांगू लागले. परवानगी मिळाली. आम्ही सर्वांनी विचार करून वेल्सचं गाव निवडलं. गजाननानं बँडवाली पुस्तिका मिटून ठेवली. मग वहिनीचा नमस्कार झाला.

खाली चार ओळींची जागा राहिली.

"आजीचं तू लिहून टाक," पुंडलिकराव भिंतीकडे पाहत म्हणाले. गाव पसंत आहे असं काहीतरी.

उषानं टाक दौतीशेजारी ठेवला.

"मी नाही लिहीत, बाबा. मले आता आजीचं बोलणंच आठवत नाही. मी लिहिलेलं तेवढं आठवते."

पुंडलिकरावांनी परवानगीचा कागद घडी करून लिफाफ्यात सारला. पत्र आज नाही, उद्या लिहू, सोमवारी लिहू, असं ते आता म्हणतील हे गुणवंताला दिसत होतं. अकरा महिने तिनं ते ऐकलं होतं आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चिडली होती. चिडायला सोपं होतं, कारण चिडलं की आपल्याला काही बोलावं लागत नाही. ती उठली. चुलीकडे गेली नाही. लुगड्यावरचा डाळीचा भुसा झटकून उषाच्या शेजारी बसली.

"घे टाक," ती म्हणाली. "आजीचं मी सांगते."

उषानं बापाकडे पाहिलं, मग टाक बुडवला.

"लिही. 'दत्तू, मी मागच्या फाल्गुनातच गेली. जाच्या आधी तीन दिवस तुझंच नाव घेऊन राहिली होती. दत्तूले बोलवा म्हणत होती. तार कराले तुझ्या दादानं पायात जोडेही घातले होते. परीक्षा आहे त्याची, असं म्हणून तुझ्या वहिनीनं ते काढाले लावले.'"