सहा नंबरचा धबधबा

"ताई, तुमच्या बाबांना एकटं सोडू नका. काल पुन्हा आमच्या आवारात आले होते, बस शोधत." माल उतरवणारे एक काका दारात येऊन एवढं सांगून गेले. छोटीची आई हसली. "अहो, एकतीस वर्षं लोकांना देश फिरवून आणलाय त्यांनी. ते कसले हरवतात." मी टेबलावरच होते. मलाही ते पटलं.

मित्रांनो, मी एक जुनी चित्रांची दुर्बीण आहे. लांबचं मला काही दिसत नाही. माझ्या पोटात एक गोल चकती आहे आणि तिच्यावर या अफाट देशातली बारा ठिकाणं. खटका दाबला की पांढरं वाळवंट जातं, गोठलेली नदी येते. मग डोंगरात कोरलेला शंभर खांबांचा महाल, मग जमीन उकलल्यासारखी लाल दरी. सहाव्या नंबरला धबधबा. देश एवढा मोठा, की एका टोकाला लोक जेवायला बसतात तेव्हा दुसऱ्या टोकाला दात घासत असतात.

छोटीचे आजोबा सहलीच्या बसवर गाईड होते. रस्ता लांबला आणि मुलं कुरकुरू लागली, की ते मला सीटवरून सीटवर फिरवत. "आधी इथे बघा, मग खरं बघा, आणि मग सांगा कोणतं मोठं." किती चिकट बोटं लागली माझ्या काचांना. पुढे ते निवृत्त झाले आणि मी खणात गेले, संपलेल्या सेलांच्या शेजारी. वर्षं गेली. छोटीने मला शोधलं, पुसलं, गळ्यात अडकवलं.

काका सांगून गेले त्याच सकाळी तिने विचारलं, "आजोबा, हा धबधबा खराच आहे?"

"म्हणजे काय. चल, दहाची गाडी आहे."

आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आजोबांनी कडी अगदी हळू काढली.

पूर्वी बस जिथे उभ्या राहायच्या, तिथे आता मालाचे ट्रक असतात. आजोबांना मात्र बसच दिसत होत्या. त्यांनी छोटीला एका ट्रकच्या मागे उभं केलं. "रांग सोडायची नाही हं. मी ड्रायव्हरला बघून येतो." आणि ते गेले.

छोटीने मला डोळ्यांना लावलं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं. जमीन थरथरली, ट्रक मागे येऊ लागला.

"आजोबा, आवाज पण येतोय," ती खुशीत म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढे धबधबा होता, आणि त्या धबधब्यामागे चाकं. मध्ये मीच आडवी आले होते. मला मिटता येईना, पडता येईना.

कुणीतरी पत्र्यावर थाडथाड हात मारले. "अरे थांब, पोर आहे मागे." छोटी वर उचलली गेली, माझा पट्टा तुटला आणि मी खडीत आपटले. माझी डावी काच फुटली. उचलणारे तेच काका होते.

घर रिकामं बघून, काकांचं बोलणं आठवून आई धावत आली, एकाच पायात चप्पल. काकांनी नुसतं बघितलं तिच्याकडे. तिने छोटीला इतकं आवळलं की छोटी म्हणाली, "आई, दुखतंय." मग आई दचकली. "बाबा कुठायत?"

ते दोन ट्रकांच्या फटीत उभे होते, शांत.

"बाई, घाबरू नका," ते तिला म्हणाले. "तुमची जागा धरलीय मी. नाव काय तुमचं?"

आईने आपल्याच वडिलांना आपलं नाव सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान डोलावली, जशी कुठल्याही प्रवाशापुढे डोलावली असती.

आता मला एकाच डोळ्याने दाखवता येतं. दाराला उंचावर दुसरी कडी बसलीय, आजोबांच्या सदऱ्याला आतून फोन नंबर शिवलाय. तरी स्वयंपाक करता करता आई हाक मारते, "बाबा, आहात ना?" उत्तर येईपर्यंत तिच्या हातातला कालथा हलत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी म्हातारं माणूस हल्ली तेच तेच पुन्हा विचारत असेल, तर हे पान उघडं ठेवून उठा. जाऊन बघा, ते खोलीत आहेत ना. मी थांबते.