गाण्यातला ‘तू’

सोफे शिवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार ‘मुकादम’ म्हणायचा. हाताखाली एकही माणूस नव्हता, पण बोलणं इतकं कमी की समोरच्या कुलूपवाल्याने ‘मुका’ आणि ‘आदमी’ जोडून हे नाव पाडलं, आणि ते चिकटलं. त्याची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची. मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घरात जे काही बोलणं व्हायचं, ते तीच बोलायची. तो “हं” म्हणायचा. हे “हं” तिला पुरतं की नाही, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

एकदा एक तरुण बाई फाटकं गोल स्टूल घेऊन दुकानात आली. ड्रम वाजवताना बसायचं स्टूल होतं ते. कापड निवडता निवडता ती थबकली आणि तिने एकदम टाळी वाजवली. मुकादम दचकला.

“काका, तुमच्याकडे आवाज परत येत नाही!”

“कुठून?”

“भिंतींवरून. बघा ना.” तिने पुन्हा टाळी वाजवली. चहूकडे फोमच्या गाद्या, कापडाचे तागे, अर्धेमुर्धे सोफे. आवाज जाऊन त्यांच्यात बसला तो उठलाच नाही.

ती आणि तिचे सोबती सोल आणि जॅझ या परदेशी ढंगांतल्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढत. पाठीशी कंपनी नाही, सगळा घरचा कारभार. आणि पद्धत जुनी. सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं, एकदम वाजवायचं, ते टेपवर घ्यायचं. त्यासाठी तिला अशीच खोली हवी होती.

“जुन्यासारखंच वाजवायचं, तर जुन्या रेकॉर्डी काय वाईट आहेत?” मुकादमने विचारलं. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

“जुनं नकोय हो, काका. हल्ली एकेकाचं वेगळं वाजवून घेतात आणि मशीनवर जोडतात. चुकलं की पुसतात. जुन्या रेकॉर्डमध्ये कळतं, की ही माणसं एकमेकांकडे बघत होती. तेवढंच हवंय.”

मुकादमला निम्मं कळलं, पण पोरगी आवडली. सुट्टीच्या दिवशी दुकान द्यायचं ठरलं.

बँड आला. ड्रमवाली, बास गिटारवाला, ऑर्गनवाला आणि ट्रंपेट वाजवणारे एक निवृत्त मास्तर. पांढरे केस, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेसारखं. “वहिनी, काय चहा झालाय!” असं त्यांनी म्हटलं की मुकादमची बायको खुलायची. इतक्या वर्षांत चहाबद्दल तिने नुसतं “हं” ऐकलं होतं.

चहाचे कप गोळा करताना एकदा ती दारात रेंगाळली आणि गाण्याची एक ओळ सहज त्यांच्याबरोबर गुणगुणली. ड्रमवालीने काठ्या खाली ठेवल्या. “काकू, परत म्हणा.”

काकूंनी परत म्हटलं. आवाज खर्जातला, नावं पुकारून पुकारून जरासा खरबरीत झालेला. त्या दिवसापासून काकू बँडच्या झाल्या. मुकादम मागच्या खोलीत कापड बेतत बसायचा. बासचा ठोका फरशीतून त्याच्या तळपायांत यायचा. कात्री कधी थांबली, हे त्याचं त्यालाच कळत नसे.

मग तिने स्वतः एक गाणं रचलं. दवाखान्यात जाता-येता.

‘शेजारीच बसतोस तू, किती लांब राहतोस,
हो म्हणतोस, नाही म्हणतोस, मधलं कुठे ठेवतोस?’

मुकादमची कात्री थांबली. पहिल्यांदा वाटलं, वा! पण लगेच मनात पाल चुकचुकली. हा ‘तू’ कोण? त्याला तर ती जन्मभर ‘अहो’ म्हणत आली होती. कडाकडा भांडतानासुद्धा ‘अहो’च!

त्याने डोकावून पाहिलं. ती डोळे मिटून एकेक ओळ म्हणत होती, आणि प्रत्येक ओळीनंतर मास्तरांचं ट्रंपेट हळुवार उत्तर देत होतं. तिने विचारायचं, त्यांनी समजूत काढायची. मुकादमचा जीव नुसता जळला.

पुढच्या आठवड्यात त्याने ड्रमवालीला सांगून टाकलं, “मोठी ऑर्डर आलीय. जागा मिळायची नाही.”

बायकोने दुकानातल्या मोकळ्या फरशीकडे बघितलं. “कुठली ऑर्डर?”

“आहे एक.”

तिने पुढे विचारलं नाही. पण त्यानंतर घर असं गप्प झालं की विचारू नका. ती बोलायची थांबली तर या घरात बोलणारं कुणीच नाही, हे त्याला तेव्हा उमगलं.

बँडने दुसरीकडे एक चकचकीत स्टुडिओ भाड्याने घेतला. काकू तिथे जाऊन गाऊन आल्या. काही दिवसांनी संध्याकाळी ड्रमवाली रेकॉर्डिंग ऐकवायला घरी आली. तिघं टेबलाशी बसली, मुकादम तोंड फिरवून.

आवाज स्वच्छ होता. ट्रंपेट लख्ख. पण नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढूच नये, तसं काहीतरी झालं होतं. गाणं दिसत होतं, त्यावर बसता येत नव्हतं.

“हे बरोबर नाही,” मुकादम म्हणाला.

दोघी वळल्या.

“ती असं म्हणत नाही. ‘मधलं’च्या आधी थांबते. श्वास घेते. राग आलेला असतो तिला. यात रागच नाही.”

“श्वास स्टुडिओवाल्यांनी पुसून टाकला, काका,” ड्रमवाली हळूच म्हणाली. “तिथली पद्धतच ती. काकू काचेच्या खोलीत एकट्या होत्या. ट्रंपेट तर दुसऱ्या दिवशी वाजवलं.”

“मग ती कुणाकडे बघून गात होती?”

“भिंतीकडे,” बायको म्हणाली.

ड्रमवाली शहाणी होती. फोन आल्याचं निमित्त करून ती बाहेर गेली.

“हा ‘तू’ कोण?” मुकादमने विचारलं.

ती बघतच राहिली. मग जी हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अहो, गाण्यात ‘अहो’ बसत नाही! म्हणून बघा. ‘शेजारीच बसता अहो तुम्ही...’ दवाखान्यात पेशंट बोलावल्यासारखं वाटतं.” हसता हसता ती थांबली. “तुम्हाला खरंच वाटलं, की...”

“त्या मास्तरांकडे सगळी उत्तरं होती.”

“त्यांना वाजवायला सांगितलं होतं. तुम्हाला कोण सांगणार?”

ते वर्मी लागलं. तो टेबलाच्या कडेवर अंगठा घासू लागला. मग म्हणाला, “लहानपणी कामाला लागलो तेव्हापासून सवय आहे. एका हातात कापड, दुसऱ्यात हातोडी, आणि ठोकायच्या बारीक चुका तोंडात. बोललं की गिळायची भीती. घरी आलो तरी तोंडात काहीतरी आहे असंच वाटत राहतं.”

“मग थुंका की त्या चुका एकदाच्या!” ती म्हणाली. आणि जरा वेळाने, “हे आज पहिल्यांदा सांगताय.”

“तू विचारलं नव्हतंस.”

“विचारायला गाणं रचावं लागलं मला.”

मोठी ऑर्डर रद्द झाल्याचं मुकादमने ड्रमवालीला दुसऱ्या दिवशी कळवलं. पुढच्या सुट्टीला बँड परत आला, तेव्हा मास्तरांसाठी त्याने स्वतः खुर्ची मांडली, आणि आपण मागच्या खोलीत न जाता बायकोच्या समोर बसला. टेप फिरायला लागली. या वेळी तिचे डोळे उघडे होते. ‘मधलं कुठे ठेवतोस?’ तिने विचारलं, आणि मुकादमच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “इथेच आहे!”

ऑर्गनवाला अडखळला. मुकादमला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ड्रमवालीने ठेका सोडला नाही, बायको हसत हसत पुढची ओळ गायली, आणि मास्तरांनी जे वाजवलं तसं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं. पुसायची सोय नव्हती. सगळे एका खोलीत, मुकादमचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरलेला.

“राहू दे,” ड्रमवाली म्हणाली. “यासाठीच तर आलो होतो इथे.”

रेकॉर्ड तशीच निघाली. जग काही उलटंपालटं झालं नाही, पण ती ऐकणारे भेटत गेले. एका छोट्या रेडिओ स्टेशनने ती उचलली. कार्यक्रमांत लोक त्या ओळीची वाट बघू लागले आणि एका सुरात “इथेच आहे!” ओरडू लागले. कुलूपवाल्याने घरी वाजवायचं मशीन नसताना रेकॉर्ड घेतली आणि दुकानात टांगली. आता दुसऱ्या अल्बमची तयारी चालू आहे. मास्तर तासभर आधीच येतात आणि मुकादमशी वाद घालतात, बहुतेक वेळा एकटेच.

बोलका तो झाला नाही. पण परवा बायको दवाखान्यातून दमून आली, तेव्हा तिने चपला काढायच्या आतच तो म्हणाला, “आज एक आरामखुर्ची आली होती. आतून काय निघालं असेल, सांग.”

“काय?” म्हणत ती पिशवी हातात घेऊनच त्याच्यासमोर बसली.