फ्रुमाच्या खालची ओळ

"बापाचं नाव नको टाकूस. नुसतं तिचंच टाक," लाइबुश म्हणाला. बसड्रायव्हरची टोपी त्याने काढली, मेलेल्यांविषयी बोलताना ज्यू डोकं झाकतात हे ध्यानात येताच पुन्हा घातली.

फ्रुमाने टाइपरायटरवरून बोटं उचलली. दुपारपर्यंत ती इस्राएलमधल्या हैफाच्या नगरपालिकेत पाणीपट्टीच्या नोटिसा टाइप करी आणि दुपारनंतर गावकरी मंडळात मेलेल्यांची नावं. मंडळ पोलंडमधल्या ज्या गावच्या लोकांचं, तिथे आता एकही ज्यू उरला नव्हता. मेलेल्यांच्या यादीचं हे स्मृतिपुस्तक छापून झालं की तेच गाव. यादीत पोरं बापाच्या नावाखाली येत.

"बापाशिवाय पोर? अंड्यातून निघाली काय?" हिर्शने विचारलं. तो फ्रुमाचा बाप आणि मंडळाचा चिटणीस. यादी त्याच्या हातात होती.

"रेब हिर्श, माझी बहीण रिव्का तीन वर्षांची होती. तिने कुणाचं काय केलं होतं?"

"माझी सहाची होती. तिने काय केलं होतं?"

जर्मनांनी गावातल्याच ज्यूंमधून पोलीस नेमले होते, त्यांत लाइबुशचा बाप होता. माळ्यावर लपवलेल्या हिर्शच्या मुलीला त्यानेच हाताला धरून खाली आणलं. दोन महिन्यांनी मृत्युछावणीकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीत तो स्वतः गेला, रिव्काला घेऊन. हिर्शच्या त्या मुलीचं नावही फ्रुमाच. युद्धानंतर झालेल्या मुलीला त्याने तेच दिलं. हिच्या हातून दूध सांडलं की तो म्हणे, "ती असं करत नसे."

"सोमवारी पुस्तक छापायला जातंय," लाइबुश म्हणाला. "तिचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. मी मेलो की संपलं."

हिर्शने चहाच्या ग्लासात चमचा फिरवला. "टाकतो. माझ्या नावाखाली. त्याने माझी नेली, मी त्याची घेतो. माझी मुलगी म्हणून लिहून दे आणि सही कर."

"ताता," फ्रुमा म्हणाली.

"तुला कुणी विचारलं? तू टाइप कर."

लाइबुशने यादीचा फॉर्म पुढ्यात ओढला. मग बापाच्या रकान्यात त्याने हिर्श लर्नर असं लिहिलं आणि सही केली.

फ्रुमाने टाइप केलं. हिर्श लर्नरच्या मुली: फ्रुमा, वय सहा. लगेच खाली रिव्का, वय तीन. लाइबुशने वाकून वाचलं, पुन्हा वाचलं.

"बरं झालं, जवळ कुणी मोठी आहे," तो म्हणाला. "एकटीला झोप येत नसे तिला."

तो जिना उतरेपर्यंत हिर्श थांबला.

"काढ तो कागद. दोघींच्या मधे एक ओळ रिकामी सोड."

"कुणाला कळणार आहे, ताता?"

"मला."

फ्रुमाने कागद ओढून काढला, कोरा चढवला. आपलं नाव टाइप केलं आणि ओळ सरकवायचा दांडा दोनदा ओढला.