बहुधा दुर्मिळ

बागेच्या अधिकारी बाईंचं पत्र भिंगकाकांना आठवायचं ते नेमकं दाढी करताना. मग हनुवटीवर ओरखडा ठरलेला. उत्तर काही त्यांनी दिलं नव्हतं. पाकिटात सालीचा तुकडा होता, त्यावर राखाडी दगडफूल. बाईंनी विचारलं होतं, ‘हे साधं की दुर्मिळ? दुर्मिळ असेल तर झाड वाचेल. नाहीतर पुढच्या महिन्यात रस्त्यासाठी कापतील.’

मेख तिथेच होती. दोन्ही जाती सख्ख्या बहिणींसारख्या. एकीच्या कडांना पीठ असतं. ती धुरातही सुखाने नांदते. दुसरीच्या कडांना बारीक बोंडं. ती स्वच्छ हवेत, जुन्या झाडावरच टिकते, म्हणून तर संकटग्रस्तांच्या यादीत आहे. पण पाकिटात घासलं की बोंडांचंही पीठच होतं. वनस्पती संग्रहालयात जन्म गेला, तरी काकांचा स्वतःच्या डोळ्यांवर काडीचा भरवसा नव्हता.

“अहो, खात्रीची काही परीक्षा असेलच की,” काकू म्हणाल्या.

“आहे. वरचा पापुद्रा खरवडायचा, आतल्या गाभ्यावर ब्लीचचा थेंब टाकायचा. दुर्मिळ असेल तर क्षणभर लाल होतं. पण तुकडा नखाएवढा. वाया गेला तर?”

“आणि भिंगाखाली जपून झाड वाचतंय वाटतं!”

काकूंनी कपडे धुण्याच्या ब्लीचची बाटली आणून समोर आदळली. काकांनी श्वास रोखून थेंब सोडला. गाभा क्षणभर लाल झाला आणि रंग विरला.

“झालं का गं लाल? का मलाच वाटलं?”

“झालं की! आत्ता तुमचे कान झालेत तसं.”

काका खुशीत लिहायला बसले. काकूंनी कागद ओढून वाचला, ‘हे बहुधा दुर्मिळ असावे.’

“झाड काय बहुधा कापणार आहेत?”

“अगं, शास्त्रात असंच लिहितात.”

“शास्त्रात लिहा. त्या बाईंना कचेरीत भांडायचंय. ‘बहुधा’ म्हणणाऱ्या माणसाच्या जिवावर भांडता येत नाही, मला विचारा.”

काकांनी ‘बहुधा’ खोडलं. घुटमळत ‘असावे’चं ‘आहे’ केलं. थेंबाचा निकाल लिहिला, सही केली आणि साक्षीला काकूंचीही घेतली.

मन फिरायच्या आत ते टपालपेटीपर्यंत जवळजवळ पळतच गेले. पत्र आत पडलं. फटीत बोटं घालून ते परत निघतं का, हेही त्यांनी पाहिलं. निघेना, तेव्हा त्यांना अगदी हलकं वाटलं.