माशीला घर मिळालं

न्हाणीघराच्या भिंतीतून बोटभर रोप डोकावलं, तेव्हा मोठ्या बाईंचा पहिला संशय सुनेवर.

"कुंडीतली काडी इथे कुणी खोचली?"

"मी कशाला भिंतीत काडी खोचू, आई? डोकं फिरलंय का माझं?"

"ते मी कशाला सांगू? नवऱ्याला विचार."

बाईंनी रोप उपटून फेकलं आणि त्यांच्या मते विषय संपला. रोप अंगणातल्या झाडाचं होतं, आणि त्या झाडाबद्दल त्यांना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. नव्या संसारात नवऱ्याने कुठूनशी त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. ती अंगणात लावली, तिच्या फांद्यांची आणखी झाडं केली, आणि त्यातून बाईंची रोपवाटिका उभी राहिली. शाळेत त्या सही येईपर्यंतच टिकल्या होत्या, पण गिऱ्हाईक दारात आलं की जिभेवर सरस्वती. "डोळे मिटून घ्या. बारा महिने सावली. वाटाण्याएवढी फळं धरतात, पण पोकळ. बी म्हणून नाही, की कुठे भलतीकडे उगवायची भीती नाही. सून मिळावी तर अशी, लावाल तिथे राहते." सून जवळपास असली की शेवटचं वाक्य जरा मोठ्याने. गावातल्या रस्त्यांना, शाळेला, दवाखान्याला सावली होती ती त्यांच्याच झाडाची.

पण रोपं येत राहिली. पन्हळीत, पायरीच्या फटीत. एकदा बाईंनी एक रोप अलगद सोडवून तळहातावर घेतलं आणि बघतच राहिल्या. बुडाशी दोन इवली पानं होती, बी फुटताना निघतात तशी. लावलेल्या फांदीला ती येत नाहीत. त्यांनी झाडाखालचं पिकलेलं फळ नखाने फोडलं. आत बारीक दाणे होते, आणि दाण्यांतून चिलटाहून लहान काळ्या माश्या निघून त्यांच्या मनगटावर चढल्या.

बागखात्यातून एक चष्मेवाली पोरगी आली. तिने फळ पाहिलं, माशी पाहिली आणि पायरीवर बाईंच्या शेजारी बसली.

"आजी, ही या झाडाची सोबतीण. याची फुलं फळाच्या आत दडलेली असतात; ही तिथे अंडी घालते आणि त्या बदल्यात फुलांना बी धरवते. ती आली, म्हणून बी आलं."

"मग इतकी वर्षं कुठे मेली होती?"

"मरतच असणार. कुणाच्या कुंडीबरोबर येत असेल, पण पूर्वी इथे हिवाळा कडक होता ना?"

होता. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. रोपांवर गोणपाटं टाकताना बोटं बधिर व्हायची. ती गोणपाटं माळ्यावर पडून कुजली, आणि रोपं दगावत नाहीत म्हणून बाई खुशीत होत्या.

"आता थंडी तिला मारत नाही," पोरगी म्हणाली. "आणि झाड शोधत लांब जावंही लागत नाही. इथे तर पावलापावलावर..."

"माझंच झाड आहे. बोल की तोंडावर. गावभर बिनभाड्याच्या खोल्या बांधून दिल्या मी तिला."

"तुम्ही सावली लावलीत, आजी. त्यात चूक काय?"

"चूक नसेल तर उपाय सांग."

पोरगीने चष्मा काढून पुसला. पुसतच राहिली.

त्या हंगामात नवऱ्याच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. अर्धांगवायू झाल्यापासून ते खिडकीपाशी पडून असत. बोलणं तुटकं झालेलं; दिवस काढायला समोर ते झाड तेवढं होतं. गवंड्याने भिंतीवर थाप मारून कान लावला. "वर गच्चीच्या कडेला मूळ शिरलंय. आणखी बिया रुजल्या तर भिंत काही धरत नाही. यांना आतल्या खोलीत हलवा."

आतल्या खोलीला खिडकी नव्हती.

"आई, झाड काढू या," मुलगा म्हणाला. "पक्षी फळं खातात आणि गच्चीवर घाण करतात. बी तिथूनच येतं."

"आणि तुझ्या बापाने दिवसभर बघायचं काय? तुझं थोबाड?"

पण चार दिवसांत गिलाव्याचा पोपडा उशाशी पडला, आणि बाईंनीच करवतवाल्यांना निरोप धाडला.

करवतवाले आले तेव्हा बाई स्वतः नवऱ्याच्या खाटेजवळ गेल्या.

"अहो, आज झाड काढतायत."

"सगळं?"

"सगळं."

"थोडं... ठेव."

"थोडं ठेवता येत नाही हो."

नवऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. संध्याकाळी खिडकीत नुसतं आभाळ उरलं.

पक्षी कुठेच गेले नाहीत. शाळेच्या झाडावर चरायचे आणि बसायला बाईंच्या गच्चीवर यायचे, माहेरी आल्यासारखे. बाई पदर खोचून हेडमास्तरांकडे गेल्या.

"तुमच्या दारातलं झाड काढा."

"मोठ्या बाई, ते तुम्हीच दिलंत ना? आणि हल्लीच्या उन्हात पोरांना उभं कुठे करू?"

बाई आल्या पावली निघाल्या. परत येताना त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सगळीकडे गार, गच्च, काळोखी सावली. पूर्वी या रस्त्याने जाताना त्यांची मान ताठ असायची.

एका सकाळी नवऱ्याने हाक मारली, कितीतरी दिवसांनी.

"अगं... ते बघ. आलं."

खिडकीच्या कडेला, तड्यातून, चार चकचकीत पानं बाहेर आली होती. म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा हसत होता.

"छान आहे," बाई म्हणाल्या. पाठ त्यांच्याकडे करून त्या खिडकीत वाकल्या, बुडाशी चिमूट धरली आणि ओढलं. रोप मानेपाशी मोडलं. मूळ आतच राहिलं. आणि मूळ राहिलं की हे झाड दुप्पट जोमाने फुटतं, हे त्यांनीच गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगितलं होतं.

"तोडलंस?"

"छे हो. धूळ पुसली पानांवरची."

"बरं केलंस."

बाईंनी मूठ पदराखाली घेतली आणि तडा त्यांना दिसणार नाही अशा खाटेच्या कडेवर टेकल्या. चीक बोटांना चिकटत होता.

"उद्या अजून मोठं... दिसेल," ते म्हणाले.

"दिसेल," बाई म्हणाल्या.